पौषात वाहणारा नाला

पौषातली थंडी आमच्याकडे कोरडी असते. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, तुरीच्या वाळलेल्या शेंगा नुसत्या वाऱ्यानं खुळखुळतात आणि माणसं सकाळच्या उन्हात भिंतीला पाठ लावून उभी राहतात. कॉलेजला जाताना शहागडच्या पुलावर मी स्कूटी हळू करते. मागून उसाचे ट्रक हॉर्न देतात, ड्रायव्हर काहीबाही बोलतात, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. मला खाली बघायचं असतं. खाली गोदावरीवर धुकं असतं. इथं तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, ती गंगा. पाणी उतरत चाललेलं असतं आणि काठच्या काळ्या दगडांवर त्याच्या पांढरट रेघा राहिलेल्या असतात. धुक्यात एखादा थर्माकोलचा तराफा आणि त्यावर उकिडवा बसलेला माणूस. इतक्या वरून तो कोण हे ओळखू येत नाही. तरी मी बघते.

असे कितीतरी पौष आले नि गेले, पण थंडी पडली की मला त्यातला एकच आठवतो. त्या पौषात गंगेतले मासे आजारी पडले होते आणि मी, जीवशास्त्राची शिक्षिका, लोकांना फार आत्मविश्वासानं चुकीचं सांगत सुटले होते.

माझं माहेर तीर्थपुरीचं, घर माळकरी. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. पण ज्युनिअर कॉलेजात पोरांना माशाचे कल्ले, हृदय, हवेची पिशवी दाखवायची तर मासा लागतो. म्हणून दर दिवाळीनंतर मी भोईगल्लीतल्या लिंबाजी मामांकडे जायची. मामा तेव्हा साठीच्या पुढचे. अंगानं काटक, डोक्याला कायम एक विटलेला पंचा, आणि हात मात्र अंगाला न शोभणारे, रुंद आणि मऊ. बायको गेल्यापासून मासे धरायचे तेच आणि पुलाच्या टोकाला विकायला बसायचेही तेच. मला बघितलं की शेजारच्याला सांगायचे, "ह्या म्याडम. खात न्हाईत, पर मासळीची बाराखडी शिकिवतात." मग माझ्यासाठी बाजूला ठेवलेला मासा ओल्या पोत्याखालून काढायचे.

एकदा मी विचारलं, चांगला मासा कसा ओळखायचा? मला वाटलं, डोळे, कल्ल्यांचा रंग, वास असं काही सांगतील. पुस्तकात तेच आहे. मामांनी टोपलीतली एक जिवंत मरळ माझ्या हातात दिली. ती एका झटक्यात सटकली, मातीत पडली. पुन्हा दिली, पुन्हा सटकली. बघणारे हसायला लागले. मामा म्हणाले, "ही चांगली. जो मासा हाताला बराबर धरू देतो ना म्याडम, तो बिमार." माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ते त्याचं चिलखत असतं, तो गेला की बुरशी आणि रोगजंतूंना दार उघडं होतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते. फळ्यावर आकृतीसुद्धा काढायची, बाण दाखवून. पण ते हातानं ओळखता येतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षातच थंडी कडक पडली. मी मासा न्यायला गेले तर मामा पुलाच्या टोकाला नव्हते. खाली डोहाकाठी बसले होते. पुलाच्या खालच्या अंगाला गंगेचा एक खोल डोह आहे, उन्हाळ्यात सगळं पात्र उघडं पडलं तरी तिथं पाणी राहतं, आणि भोईगल्लीची भिस्त त्याच्यावर असते. मामांच्या पुढ्यात सहा-सात मरळी होत्या. अंगावर लाल चट्टे, काहींचे चट्टे फुटून आत खोल जखमा झालेल्या, एकीचं तर शेपटाकडचं मांस झडून काटा दिसत होता. आणि ती जिवंत होती. मामांनी ती उचलली, दोन्ही हातांत आडवी धरली. ती निसटली नाही. लेकरासारखी पडून राहिली.

मला अजून ते बघवत नाही. मी मासे कापणारी बाई, स्पिरिटच्या वासात वाढलेली, पण त्या दिवशी माझे डोळे भरून आले.

मामांनी मग एक गोष्ट केली. एकेक मासा कपाळाला लावला आणि पाण्यात परत सोडला. भोयांची ही जुनी रीत. जो मासा खायच्या लायक नाही तो काठावर टाकायचा नाही, कावळ्या-कुत्र्याला द्यायचा नाही; गंगेचं गंगेला द्यायचं. मी ओरडले, "मामा, काय करताय! रोग पसरेल ना सगळा!"

"मंग काय उकिरड्यावर फेकू?" मामा शांतपणे म्हणाले. "लेकरू बिमार पडलं तर मायजवळच ठिवतेत."

"आणि गावात साथ आली तर आजारी माणसाला जत्रेत नेऊन बसवता का?"

मामा हात धुऊन उठले आणि चालू लागले. माझ्या बोलण्यानं दुखावले असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावरून पाहिलं तर डोहापासून लांब, पुराची रेघ पोचत नाही अशा जागी ते खड्डा खणत होते. शेजारी चुन्याची पिशवी. पुढचे कितीतरी दिवस ते रोज मेलेले, मरायला टेकलेले मासे वेचून आणत, चुना टाकून पुरत. बाकीच्या भोयांनी वेड्यात काढलं, म्हणाले, मामा आता मासळीचं स्मशान घालायला निघाले. वयाच्या त्या टप्प्याला, बापजाद्यांची रीत एका बाईच्या बोलण्यावरून सोडायची हे किती अवघड असतं ते मी घरच्या म्हाताऱ्यांवरून जाणते. आमच्या अण्णांनी मरेपर्यंत टूथब्रश हातात घेतला नाही.

पण मासे मरायचे थांबले नाहीत. आधी मरळी, मग शिंगाळे, मग बारकी मासळी पाण्याच्या वर येऊन तोंड उघडून हवा गिळायला लागली. डोहावर एक कुजकट वास येऊ लागला. गिऱ्हाइकं तोंड फिरवून जाऊ लागली. मामांनी विकणं थांबवलं, आणि डोह मेला तर आपल्या हयातीत परत उठणार नाही, असं ते एकदा माझ्याशी बोलून गेले. त्यांचा आवाज असा पडलेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

मग मी पुढाकार घेतला. मला अर्ज लिहिण्याची फार हौस. कॉलेजात नळ गळला तरी मी तीन प्रतींत अर्ज देते. वरच्या अंगाचे कारखाने घाण पाणी सोडतात, त्यानं आमची मासळी मरते आहे, असा दोन पानी अर्ज मी एका बैठकीत लिहिला. भाषा अशी की माझा मलाच अभिमान वाटला. महादेवाच्या पारावर भोईगल्ली जमली, सह्या झाल्या, अंगठे झाले. कागद मामांकडे आला तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"तुमी पाह्यलं का म्याडम, वरून येताना?"

"पाहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

"म्या न्हाई पाह्यलं. न पाह्यल्यावर अंगठा कसा टाकू?"

लोक चिडले. एकजण म्हणाला, म्हातारा कारखानदाराला फितूर झाला. मला राग आला तो वेगळाच. माझ्या दोन पानांचा अपमान झाला होता. मामा उठून निघून गेले. वरून काही येत नसेल असं मी आजही म्हणणार नाही, नदीला कोण काय देतं याचा कुणी पत्ता ठेवतो का? पण त्या दिवशी मी जे लिहिलं होतं ते बघून लिहिलं नव्हतं, हे खरं.

पुढचे आठ-दहा दिवस मामा काय करत होते ते मला नंतर कळलं. त्यांच्याकडे बांबूच्या तीन टोपल्या होत्या, तोंडाला जाळी लावलेल्या. धरलेला मासा विकेपर्यंत जिवंत ठेवायला त्या पाण्यात बुडवून ठेवतात. मामांनी पार वर, दोन कोसावरून, धडधाकट मासे आणले आणि तिन्ही टोपल्यांत सारखे सोडले. एक टोपली पुलाच्या वरच्या अंगाला बांधली. एक डोहात. आणि एक, पुलाखाली जिथं गावाकडचा नाला गंगेला मिळतो, त्या तोंडाशी. रोज सकाळी थंडगार पाण्यात कमरेएवढं उतरून ते एकेक मासा हातात धरून बघत.

वरच्या टोपलीतले मासे शेवटपर्यंत निसटत राहिले. नाल्याच्या तोंडाशी असलेले चौथ्या दिवशी हातात राहिले. डोहातले सहाव्या.

मामांनी हे सांगितलं आणि मी तपासत असलेल्या वह्या मिटून ठेवल्या. प्रयोग म्हणजे काय, तुलनेसाठी एक गट वेगळा का ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे मी वीस वर्षं पोरांना पाठ करायला लावत होते. एकदाही नदीत टोपली बांधली नव्हती. ज्या माणसाला सही येत नाही त्यानं माझा सगळा धडा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून करून दाखवला होता. आजही तो धडा शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण देत नाही. तीन टोपल्यांचंच देते, आणि पोरं ते विसरत नाहीत.

पण मामा तिथं थांबले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "म्याडम, नाला पौषात कसाकाय वाहून राह्यला?" खरंच की. पाऊस जाऊन तीन महिने झालेले, विहिरी खाली गेलेल्या, आणि हा नाला बोटभर का होईना रोज वाहत होता. त्याच्यावर उन्हात रंगीत तवंग चमकायचा. मी रोज वरून बघायची, एकदाही हा प्रश्न पडला नाही. मामा नाल्याच्या काठाकाठानं वर चालत गेले. बाभळींमधून, उकिरड्यांच्या मागून, हायवेच्या भरावापर्यंत. आणि जिथं पोचले ते त्यांच्याच मुलाचं वॉशिंग सेंटर होतं.

भास्कर मामांचा एकुलता एक. त्यानं जाळं कधी हातात धरलं नाही, आणि मामांनीच धरू दिलं नाही. जाळ्यावर पोरगी कोण देतं, असं ते म्हणायचे. हायवेलगत भास्करनं ट्रक धुवायचा रॅम्प टाकला तेव्हा मामांनी गल्लीभर पेढे वाटले होते. त्या रॅम्पवरच त्याचं लग्न जमलं, त्यावरच पत्र्याचं घर स्लॅबचं झालं. खताचे, फवारणीच्या औषधांचे ट्रक तिथं धुतले जात. चेसीवरचं ग्रीस निघावं म्हणून डिझेल मारत, चमक यावी म्हणून कसलंसं ॲसिड, वर साबणाचा फेस. ते सगळं पाणी उताराला लागून नाल्यात, नाल्यातून गंगेत. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पाणी उताराला जातं, एवढंच त्यानं पाहिलं होतं. साबण ज्या गुणानं ग्रीस काढतो त्याच गुणानं माशाच्या अंगावरचा थर काढतो.

मामा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पारावर लोक जमलेले असताना तिथं आले. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? कारखान्यांच्या नावानं अर्ज तयार होता, अंगठे झालेले होते, गल्लीला एक शत्रू मिळालेला होता. मामा उभ्यानंच म्हणाले, "वरचं मला ठाव न्हाई. पर डोह माझ्या घरच्या पाण्यानं मरून राह्यला. माझ्या पोराच्या रॅम्पचं पाणी हाय ते. म्या नाल्यानं चालत गेल्तो." ज्यानं त्यांना फितूर म्हटलं होतं तो चपला शोधायला लागला.

मोठेपणा हा शब्द मी एरवी जपून वापरते, सत्कार-समारंभांनी तो फार झिजवला आहे. पण त्या दिवशी तो मला समोर दिसला.

संध्याकाळी मामा माझ्या दारात. "आता लिवा अर्ज. भास्कर लिंबाजीचं नाव घाला. म्या अंगठा टाकतो."

मी कागद बाजूला सारला. मी म्हटलं, मामा, आधी मी त्याच्याशी बोलते. ते म्हणाले, "तोंडी बोलून झालं. तो म्हणतो, समद्या हायवेवर असंच हाय, मलाच काहून धरता. कागद पायजे." मी लिहिलं. मामांनी अंगठा उठवला, कागद घडी करून पंच्यात बांधला आणि तालुक्याला न जाता रॅम्पवर गेले. मुलाच्या पुढं ठेवला. म्हणाले, हा उद्या तालुक्याला जाईल, नाहीतर तू पाण्याचा बंदोबस्त कर. भास्करनं वाचला आणि टराटरा फाडला.

दुसऱ्या दिवशी मामा परत माझ्या दारात. "दुसरा लिवा." तोही फाडला गेला. तिसराही. चौथ्या वेळी मी वैतागून म्हटलं, "मामा, दहा झेरॉक्सच काढून देऊ का?" मी चेष्टेनं म्हटलं होतं. मामा गंभीरपणे म्हणाले, "काढा." आणि दहाच्या दहा कागदांवर, एकही न चुकवता, अंगठे उठवून घेऊन गेले.

पुढचं भास्करनंच मला सांगितलं. म्हाताऱ्यानं ती चळत समोर ठेवली तेव्हा त्याला आधी राग आला आणि मग हसू फुटलं. "आबा, दहा?" तर मामा म्हणाले, "म्याडमच्या कॉलेजात मशीन हाय. जल्दी सरणार न्हाईत." भास्कर हसता हसता खाली बसला आणि त्याला रडू आलं. तो म्हणाला, "म्याडम, त्यांनी कंदी मला एक चापट मारली न्हाई. अन् दहा कागदांवर माझ्याविरुद्ध अंगठे."

दोन दिवसांनी रॅम्पच्या मागं खोदकाम सुरू झालं. आकृती मी काढून दिली. या खेपेला विचारून, मोजून, बघून काढली. एकाखाली एक तीन खड्डे: पहिल्यात गाळ बसायचा आणि वरचं तेल काढून घ्यायचं, दुसऱ्यात वाळू-खडी, तिसऱ्यातलं पाणी रॅम्पवरच पुन्हा वापरायचं. डिझेल मारणं बंद, ॲसिड बंद, औषधांचे ट्रक घ्यायचे नाहीत. काही ड्रायव्हर चमक नाही म्हणून पुढच्या रॅम्पवर जाऊ लागले. भास्करनं ते सोसलं. मामा रोज खड्ड्यात उतरून त्याच्याबरोबर माती काढत. पण बोलत नसत. भास्करही बोलत नसे. बाप पारावर आपल्या रॅम्पचं नाव घेऊन बोलला हे त्याच्या मनातून जाईना, आणि आपल्याला बोलावं लागलं हे बापाच्या मनातून. गल्लीत विचारलं तर मामा "तो रॅम्पवाला" म्हणायचे. मुलाचं नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच.

माघात नाला आटला. तो कोरडा नाला बघून मी पुलावर एकटीच हसले, लोकांना वाटलं असेल बाईचं काहीतरी बिघडलं. उन्हाळा गेला. पावसाळ्यात गंगा दोनदा काठ सोडून आली, डोह ढवळून गेली. आश्विनात मामांनी डोहात जाळं टाकायला सुरुवात केली, पण विकायला नाही. धरायचे, हातात घ्यायचे, सोडून द्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "ठरू द्या." इतर भोयांनी दिवाळीतच विकायला सुरुवात केली होती, पण गिऱ्हाइकानं विचारलं तर सगळे सांगायचे, पुलाच्या वरचा मासा आहे. खालच्या डोहाचं नाव कुणी घेत नव्हतं.

मग पुन्हा पौष आला. तशीच कोरडी थंडी, तसंच धुकं. मी प्रॅक्टिकलसाठी मासा घ्यायला पुलाच्या टोकाला थांबले होते. वर्षभरानंतर मामा आपल्या जागेवर बसले होते, पुढ्यात टोपली, टोपलीत काळ्याशार मरळी. त्यांच्या मागंच, भरावावर, भास्करचा रॅम्प. तो एक ट्रक धूत होता. एक मोटार थांबली, आतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, "कुठला मासा?"

आजूबाजूच्या भोयांनी मामांकडे बघितलं. मामांनी पंचा सारखा केला आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "खालच्या डोहाचा. माझ्या पोराच्या नाल्याखालचा. भास्कर लिंबाजी. तो बघा वर उभा हाय. बिलकुल बिनघोर घ्या."

मी वर पाहिलं. भास्करच्या हातातल्या पाइपचं पाणी ट्रक सोडून त्याच्याच पायांवर पडत होतं, आणि ते त्याला बराच वेळ कळलं नाही.